वारीतलं खाणंपिणं : कुठे मिळतं, कुठे अडतं

इंद्रायणीकाठ

पालखीचं प्रस्थान जवळ आलं की दोन प्रश्न हमखास येतात. पायी निघणारे विचारतात, "जेवणाखाणाचं काय करायचं?" आणि शहरात राहून सेवा करू इच्छिणारे विचारतात, "यंदा काय वाटायचं?" दोघांनी एकमेकांचं ऐकावं म्हणून हा धागा. मी चालतो ती माऊलींची वाट: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. तुकोबांच्या वाटेवरच्यांनी आणि मुक्ताई, निवृत्तीनाथ, एकनाथ, शेगाव अशा लांबच्या पालख्यांबरोबर येणाऱ्यांनी आपापलं जरूर लिहा.

ज्यांनी वारी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांचा समज असतो की लाखो माणसं वाटेत कुणी दिलेलं खात खात पंढरपुरी पोचतात. तसं नाही. वारी चालते ती दिंडीच्या चुलीवर. दिंडीत नाव घातलं की भिशी भरायची. त्या पैशात दोन वेळचं जेवण, चहा, न्याहारी, राहुटीत पाठ टेकायला जागा आणि ट्रकवर पिशवी ठेवायची सोय. गावाकडच्या कितीतरी दिंड्यांत अजूनही निघण्याआधी घरोघरून शिधा गोळा होतो. कुणी ज्वारी देतं, कुणी डाळ, कुणी तेलाचा डबा. तो ट्रकमध्ये चढतो आणि गावाचं धान्य गावाच्याच माणसांच्या पोटात पंढरीच्या वाटेवर जातं.

दिवस सुरू होतो रात्री म्हणावं अशा वेळी. तीनच्या सुमाराला टँकरखाली अंघोळी, मग चहा. तंबू उतरतात, ट्रक पुढे निघतात. पालखी सहा-साडेसहाला हलते तोवर आचारी दुपारच्या विसाव्याच्या वाटेला लागलेले असतात. आपण टाळ वाजवत दहा-बारा किलोमीटर चालून पोचतो तेव्हा शेताच्या कडेला पंगत मांडलेली असते. श्लोक होतो, "पुंडलिक वरदे" होतं आणि मगच पहिला घास. भात, आमटी, एक भाजी, कधी चपाती, कधी लापशी. रात्रीचं जेवण समाजआरती आणि कीर्तनाच्या वेळेवर ठरतं. नवख्या माणसाला मी एवढंच सांगतो की पंगत चुकवू नका. रस्त्यावर काहीही मिळो, ते वरचं. पंगतीचं जेवण हाच तुमचा आधार.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं स्पष्ट मत. पुण्यात पालखी असते त्या दोन दिवसांत वारकऱ्याच्या हातात मावत नाही इतकं येतं. केळी, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, चहा, वडापाव, पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्याचा भाव सोन्यासारखा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण पोट एकच आहे. रस्त्याच्या कडेला अर्धवट खाल्लेली केळी आणि भिजलेले पुडे पडतात, त्यावरून पुढचे घसरतात, आणि अन्न पायदळी जातं. याच वाटेवर काही दिवसांनी अशी जागा येते जिथे दिंडीत नाव नसलेला म्हातारा रात्री आठ वाजता गरम भाताच्या शोधात फिरतो. अन्न कमी नाही, ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी आहे. कुठे काय अडतं ते इथे लिहूया.

भवानीपेठी

धागा काढलात हे फार बरं केलंत. आमच्या पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माऊलींचा मुक्काम असतो आणि आमचं मंडळ पिढ्यानपिढ्या वाटप करत आलंय. आमच्याकडे आता कोरडं कमी केलं आहे. सकाळी उपमा किंवा पोहे, दुपारी आमटी-भात, आणि सगळं पंगतीत बसवून, पत्रावळीवर. चालत्या माणसाच्या हातात कोंबत नाही. बसून खाल्लं की माणूस लागेल तेवढंच घेतो, उष्टं पडत नाही आणि दोन घटका पाय मोकळे होतात. हे बाकीच्या मंडळांनीही करून पाहावं असं मनापासून वाटतं. मात्र एक विचारतो. पुण्याबाहेर जाऊन सेवा करायची तर परवानग्या, गाड्यांचे पास, जागा, हे सगळं कसं जमवायचं?

यवतची_सून

तुकोबांच्या वाटेवरून लिहिते. पालखी लोणी काळभोरहून यवतला येते त्या दिवशी आमच्या गावात पिठलं-भाकरी. हे ठरलेलं आहे, बेत बदलत नाही. पिठलं देवळात, काळभैरवनाथाच्या इथं मोठाल्या कढयांमधून होतं आणि भाकरी घरोघरी. आदल्या दिवसापासून पीठ दळून ठेवायचं. सकाळपासून चूल पेटती. शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरूनही भाकरी बांधून येतात. सासूबाई म्हणतात, पाहुण्याला पक्वान्न वाढायला दिवाळी आहे, चालून आलेल्याला भाकरी लागते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी गोल थापता येत नव्हती, या दिवसानं शिकवली.

तुम्हाला सांगते, पुण्याकडून येणारी माणसं त्या दिवशी पिठलं बघून ज्या चेहऱ्यानं बसतात ना, त्यावरून कळतं की दोन दिवस गोड आणि तळलेलं खाऊन तोंड किती आंबलेलं असतं. वाटप करणाऱ्यांनी तिखट, गरम, साधं द्यावं. कांदा-लसूण न खाणारे माळकरी असतात, म्हणून पिठल्याची एक कढई वेगळी ठेवली तर कुणीच उपाशी उठत नाही.

नवखी_वारकरी

पहिल्यांदाच निघते आहे, आईबरोबर. दिवेघाट चढायच्या दिवशी एकादशी असते असं ऐकलं. खरं आहे का? आणि मग खायचं काय? आई उपास सोडणार नाही.

इंद्रायणीकाठ

@नवखी_वारकरी, खरं आहे. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, त्यामुळे पुण्यातून निघून सासवडला जायच्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे योगिनी एकादशी येते. वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा हाच, तीस किलोमीटरच्या वर, आणि शेवटाला घाट. हडपसरपर्यंत साबुदाण्याची खिचडी इतकी मिळेल की नको म्हणाल. ती पोटभर खाऊन घाट चढू नका, तेल आणि दाणे जड पडतात, तहान लागते. थोडी खिचडी, मग केळं, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असं तासा-दीड तासानं थोडं थोडं. दिंडीत त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी असते, ती सगळ्यात सोसते. घाटात वाटप कमी, चढ मोठा. तेव्हा खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी असू द्या. दुसऱ्या दिवशी पालखी सासवडलाच असते, द्वादशीचं पारणं निवांत होतं. त्याच दिवशी सोपानकाकांची पालखी तिथून निघते, तीही पाहायला मिळेल.

पायवाट_डॉक्टर

उपासाबद्दल दोन गोष्टी वैद्यकीय बाजूनं सांगतो, कारण वाटेवरच्या तपासणी केंद्रात बसून हेच सगळ्यात जास्त सांगावं लागतं.

पहिली, मधुमेह. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी तीस किलोमीटर चालणं धोक्याचं आहे. नेहमीचा डोस, वर उपास, वर चालणं, असं झालं की साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. त्या वेळी लगेच साखर किंवा गूळ तोंडात घालायचा, बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीच घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. आणि उलट बाजूही आहे. केळी, लाडू, गोड चहा दिवसभर चालू राहिला की साखर भलतीच चढते. प्रत्येक हात जोडणाऱ्याकडून घ्यायलाच हवं असं नाही. नमस्कार करून पुढे जाणं हाही मान ठेवणंच आहे.

दुसरी, भगर. पावसाळी दमट हवेत भगरीला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा होते. उपासाच्या दिवसांत गावंच्या गावं आजारी पडल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या यातूनच. सुटं भगरीचं पीठ घेऊच नका. पाकीटबंद, अख्खी भगर घ्या, कोरडी ठेवा, त्याच दिवशी शिजवून त्याच वेळी संपवा.

पाण्याबद्दल: टँकरचं पाणी क्लोरीनचे थेंब घालून अर्ध्या तासानं प्या. जुलाब झाले तर जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यापेक्षा मीठ वाढवू नका. उघड्यावरची चिरलेली फळं, बर्फ घातलेलं सरबत, सकाळी शिजवलेला आणि संध्याकाळी मिळणारा भात, या तीन गोष्टी टाळल्या तर बहुतेकांची वारी नीट पार पडते.

नवखी_वारकरी

डॉक्टरसाहेब, आईला मधुमेह आहेच. या आठवड्यात तिच्या डॉक्टरांकडे नेते. आभारी आहे.

खानदेशी_माय

मुक्ताईच्या पालखीबरोबर आमच्याकडची माणसं येतात. तापीकाठून पंढरपूर म्हणजे महिन्याभराची चाल, आणि निघताना उन्हाळा पुरता सरलेला नसतो. आमच्या वाटेवर पुण्यासारखी वाटपाची गर्दी नाही. गावं ठरलेली, घरं ठरलेली. आजोबांना ज्यांनी जेवू घातलं त्यांचेच नातू आज वाढतात. पालखी कधी येणार हे त्यांना पत्रिका न बघता ठाऊक असतं.

बरोबर काय घ्यावं ते सांगते. दशम्या. पीठ दुधात भिजवायचं, पाणी घालायचं नाही, दोन-तीन दिवस मऊ राहतात. धपाटे एक दिवसाचे. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाची चटणी कोरडी, लसूण भाजून घातलेली. ओला ठेचा पहिल्या दिवशीच संपवायचा. लाह्या आणि फुटाणे कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये सादळतात. गुळाचा खडा प्रत्येकाच्या कनवटीला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मात्र बांधून नेऊ नका, ती तव्यावरून ताटात आली तरच खरी. वाटेत कुणाच्या घरी चूल मिळाली की आमच्या बाया आधी ती थापायला बसतात.

आचारी_दिंडीचा

राम कृष्ण हरी. मी दिंडीत सैंपाक करतो. माझे वडील पण हेच करायचे. इथं लिहायला मुलानं मदत केली.

लोक आम्हाला ईचारतात, काय देऊ? माऊली, आधी ईचारता हेच मोठं. आता ऐका. पाऊस लागला की चुलवणात पाणी भरतं, लाकूड पेटत न्हाई. गॅसच्या भट्ट्या आल्या तरी वाऱ्यानं जाळ झोपतो. चारी बाजूनं पत्रे लावून सैंपाक होतो. ट्रक चिखलात रुतला तर पंगतीला तास-दोन तास उशीर, आणि तिकडं माणसं उन्हात बसलेली. अशा वेळी गावात कुणी आडोसा दिला, शाळेचं पटांगण दिलं, गोठा झाडून दिला, तर ते पन्नास खोकी बिस्किटापेक्षा मोठं दान हाय.

पालेभाजी आम्ही करत न्हाई. निवडायला येळ न्हाई आन् माती ऱ्हाती. बटाटा, कोबी, लाल भोपळा, मटकी. मटकी आदल्या मुक्कामाला भिजवून फडक्यात बांधली की ट्रकातच मोड येतात. डाळ रातची सकाळी कधीच वाढत न्हाई. पिठलं हा आमचा धर्म, कायबी बिघडलं तरी अर्ध्या तासात पिठलं होतं.

द्यायचंच असंल तर शिधा द्या. तूरडाळ, गूळ, तेल, दाण्याचं कूट, बेसन. पण आमच्या ट्रकात जागा कुठंय ते बघून द्या. पुण्यात दिलं तर ठेवू कुठं? फलटणच्या पुढं द्या, तवर आमचे डबे रिकामे होत आलेले असत्यात. आन् पत्रावळ्या द्या. थर्माकोलच्या नको, पानाच्या.

भवानीपेठी

@आचारी_दिंडीचा, दादा, हे मंडळाच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवतो. फलटणच्या पुढे शिधा पोचवायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

माळशिरसकर

फलटणच्या पुढचं मी सांगतो, घर याच पट्ट्यात आहे. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पालखी येते त्या दिवशी तालुका घरी थांबत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून भाकरीच्या चवडी येतात, वर कापड बांधलेलं, बरोबर शेंगाची चटणी आणि खर्डा. दुपारी रिंगणाच्या जागी आणि विसाव्याला काही कमी पडत नाही. अडतं ते रात्री, आणि मुक्कामापासून लांब. दिंड्यांचे तंबू दोन-तीन किलोमीटर पसरतात. ज्याची दिंडी आहे त्याचं ताट ठरलेलं. मोकळा चालणारा माणूस, त्यात म्हातारी माणसं फार, अंधारात कुठल्या तंबूत विचारायचं म्हणून तसाच झोपतो. पाऊस असला तर विचारूच नका. बऱ्याच दिंड्या आलेल्याला नाही म्हणत नाहीत, पण मागायला जीभ उचलत नाही.

आमच्या गावातल्या तरुणांनी यावर केलेला उपाय सांगतो. संध्याकाळी सातनंतर मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी, टेम्पोवर, आणि तळापासून लांब पडलेल्या लोकांपर्यंत फिरवायची. "जेवलात का माऊली" असं आपणच विचारायचं. दुपारी एकही घास वाटायचा नाही, सगळं बळ रात्रीसाठी राखायचं. शहरातल्या मंडळांनी आमच्यासारख्या गावांशी जोडून घेतलं तर पास, जागा, पाणी हे प्रश्न उरतच नाहीत. जागा आमची, चूल आमची, तुम्ही शिधा आणि हात घेऊन या.

जाता जाता, वाखरीला आषाढ शुद्ध नवमी येते, म्हणजे कांदेनवमी. पुढे चातुर्मास धरणारे कांदा-लसूण सोडतात. त्या दिवशी वाखरीच्या तळावर कांदाभज्यांचा वास सुटलेला असतो. मला तो दिवस फार आवडतो. पंढरी एका टप्प्यावर आली आहे आणि सगळे खूश आहेत.

रेवाकाठी

वारी नाही, पण नर्मदा परिक्रमा केली आहे म्हणून थोडं लिहितो. तिथे दिंडी नसते, स्वयंपाकघर बरोबर नसतं. परिक्रमावासी एकटा किंवा दोघे-तिघे. वाटेवर आश्रम आणि घरं "नर्मदे हर" ऐकून बोलावतात. सकाळी बालभोग, दुपारी भोजनप्रसादी. कुठे शिजलेलं मिळतं, कुठे सदावर्त, म्हणजे कणीक, डाळ, तांदूळ, मीठ हातात देतात आणि आपण नदीकाठी तीन दगड मांडून टिक्कड भाजायचे. नियम असा की त्या वेळेपुरतंच घ्यायचं, साठवायचं नाही.

माळशिरसकरांनी लिहिलं ते मला पटतं. तिकडे दारातला माणूस आधी विचारतो, त्यामुळे मागण्याचा संकोच राहत नाही. गरीब झोपडीतही "बाबाजी, जेवून जा" असं म्हणतात आणि ती एकच भाकरी अर्धी करतात. वारीत रात्री टेम्पो फिरवून विचारणं हे त्याच जातीचं काम आहे.

तुळसमंजिरी

डोक्यावर तुळस घेऊन चालते, त्या बाजूनं एक सांगायचं होतं. बायका पाणी कमी पितात. कारण उघड आहे, आडोसा नसतो. आता जागोजाग फिरती शौचालयं आली, पुष्कळ फरक पडला, पण दोन तळांच्या मधल्या वाटेवर अजून कठीणच. मग पाणी नाही, म्हणून चक्कर, म्हणून जेवण जात नाही. ज्यांना सेवा करायची आहे त्यांनी आपल्या घराचं, दुकानाचं, मंगल कार्यालयाचं न्हाणीघर बायकांसाठी उघडं ठेवावं आणि बाहेर तशी पाटी लावावी. एक वेळ लाडू नसला तरी चालेल.

यवतची_सून

@तुळसमंजिरी, शंभर टक्के. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांची दारं त्या दिवशी याच कारणासाठी उघडी असतात. पाटी लावायचं चांगलं सुचवलंत.

परतवारी

सगळं वाचलं. जाण्याच्या वाटेबद्दल भरपूर आलं, येण्याच्या वाटेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तोवर बहुतेक लोक एसटीनं घरी पोचलेले असतात. पण पालखी पायीच परत येते. आषाढ वद्य दशमीच्या सुमाराला आळंदी. म्हणजे जाताना जे अंतर अठरा-एकोणीस दिवसांत होतं ते दहा दिवसांत. टप्पे दुपटीचे, वेळापूर, नातेपुते, फलटण असे, आणि बरोबर मूठभर माणसं. टँकर कमी, तपासणी केंद्रं उठलेली, रस्त्याच्या कडेला एकही मांडव नाही. पाऊस मात्र तेव्हाच जोरात. ज्या चौकात जाताना केळ्यांचा खच पडला होता तिथे येताना चहासाठी थांबायला टपरी शोधावी लागते.

काही घरं आणि काही गावं परतीच्या पालखीलाही न चुकता जेवू घालतात, त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण एखाद्या मंडळाला खरंच विचारायचं असेल की आमची गरज कुठे आहे, तर माझं उत्तर हे आहे. परतीला या.

इंद्रायणीकाठ

धागा काढताना माझ्या मनात माळशिरसची रात्र होती. परतीचं हे वाचून वाटतं, पहिला मान याचाच. जाताना दहा मंडळं एका चौकात उभी असतात, त्यांतल्या एकानं जरी आपला दिवस बदलून घेतला तरी एका टप्प्याचं जेवण होईल. खर्च तोच, माणसं तीच, रजा फक्त तीन-चार आठवड्यांनी पुढे.

भवानीपेठी

मंडळात बोललो. पुण्यात पालखी असताना फक्त एका सकाळचा उपमा ठेवतो, तो बंद केला तर म्हातारी मंडळी नाराज होतील. आमटी-भाताचा सगळा शिधा परतीसाठी राखायचं जवळजवळ ठरलं आहे. माळशिरसकर, नातेपुत्याच्या आसपास जागा मिळेल का? आणि परतवारी, किती माणसांचं करायचं? कमी पडायला नको आणि टाकायलाही नको.

माळशिरसकर

जागा देतो. पत्र्याची शेड आहे, पाण्याचा बोअर आहे, मोठी पातेली देवळात मिळतील. निरोपातून सविस्तर कळवतो.

परतवारी

आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून आत्ता सांगत नाही. पंढरपूरहून पालखी निघाली की पहिल्या मुक्कामाला विणेकऱ्यांकडून माणसं मोजून तुम्हाला फोन करायला लावतो, हाताशी दीड दिवस राहील. डाळ-तांदूळ कोरडे आणा आणि पालखी गावाच्या शिवेवर दिसली की भात टाका, आधी नको. टप्पा लांबतो, उशीर होतो, आणि भिजून आलेल्या माणसाला गार भात जात नाही. लोणचं आणा. आणि जमलं तर अंग पुसायला सुके पंचे.

आचारी_दिंडीचा

मी येतो. पौर्णिमेनंतर मी मोकळाच असतो. झारा माझा मी आणीन.